झाड कोणाचे, जमीन कोणाची?

हिवाळा लागला की आपल्या घरांत बाजरीचे पीठ येते. तव्यावर फुगलेली, तीळ लावलेली भाकरी आणि सोबत पायाचा रस्सा नाहीतर लसणाची चटणी. पिढ्यान्‌पिढ्या आपली म्हणून खात आलो ती ही बाजरी मूळची आपली नाही. आफ्रिकेत माली नावाच्या देशाच्या उत्तरेला तिलेमसी नावाचे खोरे आहे. तिथे सापडलेल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांत बाजरीच्या कोंड्याचे ठसे उमटलेले आहेत. तिथून पुढे काही शतकांत ती भारतात पोहोचली. ज्वारीचे माहेरही आफ्रिकाच, पण पूर्वेकडचा सुदान. म्हणजे सोलापूरची ज्वारी असो की नगरची बाजरी, दोन्हींचे मूळ त्या खंडात आहे.

त्या खंडाविषयी आपल्या कानावर मात्र तीनच गोष्टी येतात: दुष्काळ, उपासमार आणि यादवी. या तिन्ही खऱ्या आहेत, आणि याच लेखात त्या येतीलही. पण तिथल्या शेतकऱ्यांनी गेल्या चाळीस वर्षांत जे करून दाखवले ते आपल्या वाचकांपर्यंत फारसे आलेले नाही. ते सांगावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने, अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत, एक लांबलचक पट्टा पसरला आहे. त्याचे नाव साहेल. आपल्या वाचकांना हा शब्द फोड करून सांगायला नको. उर्दू शायरीत ठायी ठायी भेटणारा 'साहिल', म्हणजे किनारा, तो हाच. अरबांच्या लेखी सहारा हा वाळूचा समुद्र होता. उंटांचे काफिले आठवडेच्या आठवडे तो पार करून आले की पहिली हिरवळ जिथे दिसे, तो किनारा. सेनेगल, मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर, नायजेरियाचा उत्तर भाग, चाड आणि सुदान या देशांतून हा पट्टा जातो. इथली बहुसंख्य वस्ती मुस्लिम आहे, मालिकी मसलकाची. जिथल्या हस्तलिखितांची कीर्ती जगभर आहे ते तिंबक्तू याच पट्ट्यातले.

पाऊस वर्षातून तीन-चार महिने, तोही आपल्या माण-आटपाडीसारखा, आला तर आला. बाकी आठ महिने कोरडे ठणठणीत. असे असूनही माणसे तिथे हजारो वर्षे शेती आणि गुरे राखून राहत आली, कारण शेतात झाडे होती. पिकाच्या मधोमध, विरळ, मोठी झाडे. सावलीला, चाऱ्याला, सरपणाला आणि औषधाला.

१९६८ पासून पाऊस रुसला तो १९७३ पर्यंत. गुरांचे कळप वाटेतच मेले, लाखभर माणसे दगावली असा अंदाज आहे. आपल्याकडच्या ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल: खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी. नेमक्या त्याच वर्षांत साहेलही होरपळत होता. आपल्याकडे त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिथे त्या काळी सरकारांच्या हाती फारसे काही नव्हते, आणि सावरतात न सावरतात तोच १९८३-८४ मध्ये दुसरा घाव बसला.

त्या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य सारखे छापून येई: वाळवंट दक्षिणेकडे सरकते आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या गावांवर चालून येताना दिसत. काही ठिकाणी वाळू खरोखर सरकली. पण बहुतेक जमीन अशी मेली नाही. ती जागच्या जागी, तुकड्या-तुकड्याने मेली. झाड तोडले, सावली गेली. गुरांनी उरलेसुरले गवत खाल्ले. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटले, वरचा थर चिखल होऊन वाळला आणि सिमेंटसारखा घट्ट झाला. पुढचा पाऊस त्यात जिरेना. वाहून गेला, जाताना माती घेऊन गेला. बुर्किना फासोतल्या मोसी लोकांच्या मूरे भाषेत अशा जमिनीला 'झिपेले' म्हणतात. पांढरी पडलेली, टक्कल पडलेली जमीन. तिच्यावर कुदळ मारली तर ठण्‌ आवाज येतो.

गावेच्या गावे रिकामी होऊ लागली. उत्तर बुर्किनातल्या यातेंगा प्रांतात विहिरींचे पाणी वर्षाला मीटरभर खाली जात होते. तरुण मुले कामासाठी दक्षिणेला आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यांत निघून गेली.

खड्ड्यांचा माणूस

याच यातेंगात, वाहिगूया शहराजवळच्या गुर्गा गावात याकूबा सवादोगो यांचा जन्म १९४६ च्या सुमारास झाला. याकूबा म्हणजे आपल्याकडचे याकूब. लहानपणी वडिलांनी त्यांना मालीतल्या एका कुरआन मदरशात पाठवले. शिक्षणात त्यांची फारशी प्रगती झाली नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. गावी परतल्यावर त्यांनी बाजारात दुकान थाटले आणि ते बरे चालले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा लोक शेती सोडून शहराची वाट धरत होते, तेव्हा हा माणूस दुकान सोडून शेतीकडे वळला. तीही कुठल्या, तर झिपेले.

त्या भागात खड्डे खणून पेरण्याची एक जुनी रीत होती, तिला 'झाई' म्हणतात. म्हातारी माणसे कठीण जमिनीच्या लहानशा तुकड्यात असे खड्डे करीत. पण पुढे ती रीत मागे पडली होती. याकूबांनी तीच उचलली आणि तिच्यात आपली अक्कल घातली. खड्डे जुन्यापेक्षा रुंद आणि खोल केले, साधारण वीतभर खोल आणि दीड-दोन वीत रुंद. खणून काढलेली माती उताराच्या बाजूला अर्धगोल बांधासारखी ठेवली, म्हणजे वरून वाहत येणारे पाणी खड्ड्यात अडते. आणि खड्ड्यात मूठ-दोन मुठी शेणखत, पालापाचोळा टाकला.

पुढचे काम वाळवीने केले. आपण वाळवी दिसली की औषध मारायला धावतो. तिथे मात्र शेणाच्या वासाने वाळवी येते, मातीत बारीक बारीक बोगदे पोखरते, आणि दगडासारखी झालेली जमीन चाळणीसारखी होते. मग पहिला पाऊस पडला की त्या बोगद्यांतून पाणी खोल उतरते. वाळवी शेणखत पचवून पिकाला सोयीचे करून देते ते वेगळेच. पावसात खंड पडला तरी खड्ड्यातली ओल काही आठवडे टिकते आणि बाजरी-ज्वारीचे कोंब तग धरतात.

मेहनत मात्र हाडे मोडणारी. एका हेक्टरमध्ये, म्हणजे अडीच एकरात, बारा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत खड्डे, तेही ऐन उन्हाळ्यात, कुदळीने. एका माणसाला दोन महिन्यांहून अधिक लागतात. आणि लोकांचा राग नेमका इथेच होता. पाऊस पडल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही, ही तिथली पूर्वापार चाल. हा माणूस कडक उन्हात, दगडासारख्या रानात एकटा खणत बसलेला. लोक त्यांना वेडा म्हणू लागले. जमिनीच्या परंपरा सांभाळणारे वडीलधारेही नाराज झाले.

पीक आले तेव्हा बोलणे बदलले. जिथे दाणाही येत नव्हता तिथे वाईट वर्षात हेक्टरी तीन-चार क्विंटल, आणि चांगल्या वर्षात पंधरा क्विंटलपर्यंत धान्य झाईच्या शेतांतून निघू लागले. आणखी एक गोष्ट न मागता मिळाली. शेणखतातून आणि वाहून आलेल्या पाचोळ्यातून झाडांच्या बिया खड्ड्यांत पडत होत्या. ओल आणि खत मिळाल्याने त्या रुजल्या. याकूबांनी ती रोपे उपटली नाहीत. उलट मुद्दाम बिया टाकू लागले. बघता बघता त्या टकल्या रानावर जंगल उभे राहिले. पुढे ते सुमारे चाळीस हेक्टरांवर पोहोचले आणि त्यात साठाहून अधिक जातींची झाडे-झुडपे होती. त्यांतली कित्येक त्या परिसरातून नाहीशीच झाली होती.

मधल्या काळात कोणीतरी त्या जंगलाला आग लावली. याकूबांनी पुन्हा लागवड केली.

१९८४ पासून ते वर्षातून दोनदा शेतकऱ्यांचा बाजार भरवू लागले. लांबलांबच्या गावांतून शेतकरी येत, सोबत आपापल्या वाणाचे बी आणत, एकमेकांना देत-घेत आणि कोणते वाण कशा जमिनीत तरले ते सांगत. ज्ञान कोंडून ठेवायचे नाही, हा त्यांचा स्वभाव. त्याच सुमारास यातेंगात ऑक्सफॅमच्या मदतीने दगडी बांधांचे काम सुरू होते. शेतात समपातळीवर मुठीएवढ्या दगडांची ओळ लावायची, पाणी तिथे थबकते, गाळ टाकते आणि मगच पुढे जाते. पातळी मोजायला काय वापरले असेल? आपले गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून लेव्हल काढतात, तेच. अक्षर न येणारा शेतकरीही ते दोन दिवसांत शिकला. झाई आणि दगडी ओळी एकत्र आल्यावर यातेंगाच्या अनेक गावांत विहिरींचे पाणी पुन्हा वर आले.

हे लोण शेजारच्या नायजरमध्ये कसे गेले तेही सांगण्यासारखे आहे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या एका प्रकल्पाने नायजरच्या इलेला जिल्ह्यातल्या १३ शेतकऱ्यांना यातेंगा बघायला नेले. परत आल्यावर त्यांच्यापैकी काहींनी मिळून जेमतेम चार हेक्टरांवर खड्डे केले. हौसा भाषेत त्यांना 'तासा' म्हणतात. १९९० मध्ये पावसाने दगा दिला आणि त्या वर्षी इलेलात ज्यांच्या शेतात तासा होते त्यांच्याच घरी धान्य आले. त्यानंतर कोणाला समजावण्याची गरज उरली नाही. फुकट कोणी घेत नव्हते त्या पडीक जमिनीला भाव आला, तिची खरेदी-विक्री सुरू झाली. कुठल्याही व्याख्यानापेक्षा शेजाऱ्याच्या खळ्यावरची रास जास्त बोलते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

जमिनीखालचे जंगल

नायजर. लोकसंख्येत जवळजवळ सगळे मुसलमान, जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक, आणि तीन चतुर्थांशाहून अधिक प्रदेश वाळवंट. दुष्काळानंतर तिथे वृक्षारोपणाच्या मोहिमा जोरात झाल्या. रोपवाटिका, ट्रक, फोटो. सहा कोटींच्या आसपास रोपे लावली गेली आणि त्यांतली वीस टक्केही जगली नाहीत. (आपल्याकडे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा तेच झाड लावणारे कार्यक्रम वाचकांनी पाहिले असतीलच.)

टोनी रिनाउदो नावाचे एक ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ एका ख्रिस्ती संस्थेमार्फत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मारादी भागात याच कामावर होते आणि हताश झाले होते. १९८३ मध्ये एकदा गाडीत रोपे घालून ते गावांकडे निघाले होते. वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते खाली उतरले. भोवती ओसाड रान, मधून मधून गुडघ्याएवढी झुडपे. त्यांतल्या एका झुडपाचे पान त्यांनी नीट पाहिले आणि लक्षात आले की हे झुडूप नव्हेच. ते तोडलेल्या मोठ्या झाडाचे खोड होते, फुटवे फेकणारे. मुळे खाली जिवंत होती आणि खोल ओलीपर्यंत गेलेली होती. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी ते फुटवे छाटून जाळत, आणि झाड दरवर्षी पुन्हा डोके वर काढी. सगळ्या रानाखाली एक अख्खे जंगल गाडलेले होते.

करायचे एवढेच: एका खोडावरचे चार-पाच जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या काढत जायच्या. ना रोपवाटिका, ना पाणी, ना कुंपण. दोन-तीन वर्षांत ते डोक्यावर जाते. पळस, साग कापल्यावर बुंध्यातून फुटतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. हौसा शेतकऱ्यांनी या रीतीला नाव दिले 'सस्साबिन झमानी'. सस्साबे म्हणजे पेरणीपूर्वी शेत साफ करणे, आणि झमानी म्हणजे आपला 'जमाना'. नव्या जमान्याची साफसफाई!

इतके सोपे होते तर आधी कोणी का केले नाही? शेतकऱ्यांना आपल्या झाडांची ओळख नव्हती असे थोडेच आहे? खरी गोम इथे आहे आणि आमच्या मते या सगळ्या कहाणीत ती सर्वांत महत्त्वाची आहे.

नायजरवर फ्रेंचांचे राज्य होते. फ्रेंच वसाहतीच्या १९३५ च्या जंगल कायद्याने मौल्यवान झाडे सरकारजमा झाली. शेतकऱ्याच्या शेतात उभे असलेले, त्याच्या आजोबाने राखलेले झाडही. फांदी तोडायची तर परवाना, नाहीतर वनरक्षकाचा दंड. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. कायदा तसाच राहिला. आता शेतकऱ्याच्या जागी राहून विचार करा. शेतात झाड वाढले तर ते सरकारचे, त्याची सावली पिकाला, त्यावरून कटकट आपल्याला. मग फुटवा लहान असतानाच छाटून टाकलेला बरा. झाडे वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने झाडांची शत्रुता शिकवली.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, झिंदरच्या सुलतानाने 'गाओ' नावाचे झाड विनाकारण तोडणाऱ्याला जबर शिक्षा ठेवली होती असे तिथे सांगितले जाते. या गाओची एक न्यारी सवय आहे. बाभळीच्या जवळचे हे झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवे होते. म्हणजे पीक उभे असताना त्याची सावली नाही, आणि गुरांना चारा हवा तेव्हा पाला आणि शेंगा हजर. शिवाय ते हवेतला नत्र जमिनीत आणते. त्याच्या बुंध्याभोवतीची बाजरी दुरूनच जास्त गडद दिसते. असे झाड कोणी शेतकरी खुशीने तोडेल का?

रिनाउदो यांच्या सोबत सुरुवातीला दहा-बारा शेतकरी तयार झाले. त्यांच्या झाडांवर रात्री कुऱ्हाड पडे. लाकूड तर सरकारचे, मग चोरी कसली? १९८४-८५ च्या दुष्काळात धान्याच्या मोबदल्यात काम देण्याची योजना निघाली, तेव्हा अट घातली गेली की शेतातले फुटवे राखायचे. पंच्याण्णव गावांत सुमारे पाच लाख झाडे अशी राखली गेली. धान्य वाटप संपले आणि त्यांतली दोन तृतीयांशाहून अधिक झाडे तोडली गेली. पण ज्यांनी ठेवली त्यांच्या शेतात वारा अडला, माती टिकली, बाजरी बरी आली. मारादीच्या वनाधिकाऱ्यानेही शेतकऱ्यांना दबक्या आवाजात सांगून टाकले की आपल्या शेतातल्या झाडाच्या फांद्या तोडा, विका, आम्ही आडवे येणार नाही. हळूहळू ती ढिलाई सगळीकडे पसरली. सरकार स्वतःच दुबळे झाले होते आणि वनरक्षकांचा धाक ओसरला होता. पुढे १९९३ मध्ये ग्रामीण जमिनीचा कायदा आला, २००४ मध्ये जंगल कायदा सुधारला. शेतकऱ्यांनी मात्र कागदाची वाट पाहिली नाही. झाड आपले आहे एवढे मनाने घेतले आणि ते कामाला लागले.

किती झाले असेल? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे ग्रे टप्पन आणि नेदरलँड्सचे ख्रिस राय यांनी २००० च्या दशकात जुने हवाई फोटो आणि नवे उपग्रहाचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोघेही थक्क झाले. १९७५ मध्ये जिथे मोजायला झाडे नव्हती तिथे दाट ठिपके. दक्षिण नायजरच्या मारादी आणि झिंदर भागांत मिळून सुमारे ५० लाख हेक्टरांवर शेतकऱ्यांनी झाडे परत आणली होती. त्यांच्या हिशेबाने २० कोटी झाडे. त्यातून दरवर्षी पाच लाख टन जादा धान्य, म्हणजे २५ लाख माणसांचे पोट. सरकारी कागदांत, मदत संस्थांच्या अहवालांत याची नोंदच नव्हती. सीमेपलीकडच्या उत्तर नायजेरियात पाऊस अधिक पडतो, तरी तिथे झाडे कमी दिसत होती. तेव्हा हे सगळे पावसाने केले असेही म्हणता येत नाही, जरी १९९० नंतर पाऊस थोडा सुधारला हे खरे आहे.

या आकड्यांत बायकांचा वाटा कोणी मोजत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. झिंदर भागात १९८४ मध्ये सरपण गोळा करायला बाईचे रोजचे सरासरी अडीच तास जात. वीस वर्षांनी ते अर्ध्या तासावर आले. चूल तिचीच, पाणी तिनेच आणायचे, पण रोजचे दोन तास परत मिळाले. बाओबाबची, म्हणजे आपल्या गोरखचिंचेची, पाने तिथे भाजीसारखी शिजवतात. ती विकून काही बायकांच्या हाती स्वतःचे पैसे येऊ लागले. मारादीच्या दान सागा गावाने गावकऱ्यांची समिती नेमली, कोण किती लाकूड तोडेल ते तीच ठरवते. वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या वादाची एक बाजूही इथे नोंदवली पाहिजे. झाडांवर शेतकऱ्याचा हक्क पक्का झाला की फुलानी गुराख्यांचे काय? पिढ्यान्‌पिढ्या ते कापणीनंतर याच रानांतून गुरे नेत आले, शेंगा झोडपून गुरांना घालत आले. जिथे गावसमितीत गुराख्यांनाही बसवले तिथे निभावले. जिथे नाही तिथे काठ्या निघाल्या.

भिंत आणि चटई

२००७ मध्ये आफ्रिकी संघाने 'महान हरित भिंत' योजना जाहीर केली. सेनेगलपासून जिबूतीपर्यंत ११ देश, आठ हजार किलोमीटर, आणि २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन सुधारायची. सुरुवातीची कल्पना खरोखर झाडांच्या भिंतीची होती, वाळवंट अडवायला. २०२० च्या आढाव्यात योजनेच्या ठरलेल्या पट्ट्यात अवघे चार टक्क्यांच्या आसपास काम झालेले आढळले. २०२१ मध्ये श्रीमंत देशांनी आणि बँकांनी तिच्यासाठी १४ अब्ज डॉलर देऊ असे जाहीर केले. जाहीर केलेला पैसा आणि गावात पोचलेला पैसा यांतले अंतर आपल्या वाचकांना नवे नाही.

नायजरचा अनुभव पाहून योजनेचे स्वरूप आता बदलले आहे. सरळ भिंतीऐवजी शेताशेतांतली हिरवळ, जणू विणलेली चटई, असे तिचे वर्णन करू लागले आहेत. हे शहाणपण आहे, पण ते याकूबांना आणि दान सागाच्या शेतकऱ्यांना पंचवीस वर्षे आधीच होते.

चाळीस हेक्टरांचे काय झाले

२०१० मध्ये याकूबांवर वाळवंट थोपवणारा माणूस अशा नावाचा माहितीपट निघाला. २०१८ मध्ये स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात, तो त्यांना मिळाला. त्याच वर्षी तो टोनी रिनाउदो यांनाही मिळाला. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'पृथ्वीचे चॅम्पियन' म्हणून गौरवले. लिहिता-वाचता फारसे न येणारा, अंगात लांब झगा आणि डोक्यावर टोपी घातलेला हा शेतकरी देशोदेशींच्या सभागृहांत जाऊन खड्ड्यांविषयी बोलून आला.

आणि इकडे घरी त्यांची जमीन जात होती. वाहिगूया शहर वाढत वाढत गुर्गापर्यंत आले. २००० च्या दशकाच्या अखेरीस नगरविस्ताराच्या नकाशात त्यांचे जंगल आणि शेत प्लॉटसाठी आखले गेले. त्यांच्या कुटुंबीयांना एकेक लहानसा प्लॉट, बाकी मोबदला काही नाही. जी जमीन त्यांनी उभी केली तीच विकत घ्यायची तर लागणारी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. जंगल उभे राहिले म्हणून जागेची किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून ती त्यांच्या आवाक्याबाहेर गेली.

कायद्याच्या भाषेत त्यांची बाजू लंगडी होती. १९८४ मध्ये, ज्या वर्षी त्यांनी बियांचा बाजार सुरू केला त्याच वर्षी, बुर्किनातल्या थॉमस संकारांच्या क्रांतिकारी सरकारने सगळी जमीन राष्ट्राच्या मालकीची केली होती. सरदार-जमीनदारांच्या हातून जमीन काढून घेणे हा त्यामागचा हेतू. २००९ मध्ये नव्या कायद्याने गावाकडच्या कब्जेदारांचा हक्क मान्य केला. पण तो ग्रामीण जमिनीसाठी, आणि गुर्गा तर शहरात गिळले जात होते.

फिकहमध्ये 'इह्या-ए-मवात', म्हणजे मृत जमीन जिवंत करणे, असा स्वतंत्र विषय आहे. पडीक, कोणाच्याच मालकीची नसलेली जमीन जो कसून जिवंत करील त्याचा तिच्यावर हक्क. तत्त्व सर्वांना मान्य, मतभेद परवानगीवर. इमाम अबू हनीफा यांच्या मते हाकिमाची परवानगी हवी. त्यांचे शागिर्द इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते तिची गरज नाही. ज्यांचा मसलक साहेलमध्ये चालतो ते इमाम मालिक मधली वाट धरतात: वस्तीपासून दूर असेल तर परवानगी नको, वस्तीजवळ असेल तर हवी. याकूबांचे प्रकरण कोणा मालिकी काझीसमोर गेले असते तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की खड्डे खणायला सुरुवात केली तेव्हा शहर किती लांब होते? नगररचनेच्या कचेरीत मात्र हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. तिथे फक्त नकाशा होता.

परदेशातल्या हितचिंतकांनी आवाज उठवला, पुरस्कारांनी थोडे वजन आले, आणि जंगलाचा बराच भाग उभा राहिला. पण कडेकडेने घरे आली, लोक साल काढायला, लाकूड तोडायला येऊ लागले. त्या जंगलातल्या कित्येक झाडांचा पाला औषधाला लागतो. याकूबा ते मागणाऱ्याला विन्मुख पाठवत नसत.

शेवटची वर्षे त्याहून कठीण गेली. २०१५ नंतर उत्तर बुर्किनात सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ वाढला. २०२३ पर्यंत देशात वीस लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून परागंदा झाली होती, आणि त्यांतली हजारो वाहिगूयाच्या आसऱ्याला आली. ज्या गावांनी झाईने जमीन जिवंत केली त्यांतल्या काही गावांत आज पेरायला माणूस नाही. हल्लेखोर दीनचे नाव घेतात आणि मारले जाणारे बहुतेक मुसलमान शेतकरीच असतात.

३ डिसेंबर २०२३ रोजी वाहिगूयात याकूबा सवादोगो यांचे निधन झाले. वय ७७ च्या आसपास. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

नायजरमध्ये ३० जुलै २०२० रोजी सरकारने एक हुकूमनामा काढला. शेतातले फुटवे राखून वाढवलेल्या झाडांचा वापर आणि विक्री कशी करायची याचे नियम त्यात ठरवले आहेत, आणि राखणाऱ्याचा हक्क त्यात मानला आहे. १९३५ च्या कायद्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी. तीन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, लष्कराने तिथले सरकार उलथवले. मारादी-झिंदरच्या रानांत उन्हाळ्यात गाओला हिरवा पाला फुटतो, गुरे त्याखाली उभी राहतात, आणि तासाचे खड्डे खणण्याचे काम पावसाआधी संपवायचे असते.